डोंगराखालचं स्लॅबचं घर

वडील गिरणीतून सुटले आणि त्यांनी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत, स्लॅबचं घर बांधलं. बौद्धांची वाडी ती. बाकीची सगळी घरं मातीच्या भिंतींची, कौलांची. सिमेंटची पोती रस्त्यापासून डोक्यावरून वर आली. घर झाल्यावर वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवर बुक्की मारायला लावत. "मार, मार. हालतेय का बघ." मी महाडला शाळेत शिकवत होते. सुट्टीला गेले की मलाही बुक्की मारावी लागे. हसूही यायचं आणि अभिमानही वाटायचा.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पावसाळा सरल्यावर घरामागच्या उतारावर एक भेग दिसली. म्हशीचा पाय अडकला म्हणून दिसली, नाहीतर गवतात कोणाचं लक्ष गेलं नसतं. वाडीने ती माती-शेणाने बुजवून वरून लिंपली, घराची भिंत लिंपतात तशी. सगळ्यांना वाटलं, झालं काम. माझ्या डोक्यातून मात्र ती जाईना.

महाडला माझ्या शेजारच्या खोलीत एक भूगर्भशास्त्रज्ञ राहत होते. तालुक्यातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे पाहायला आले होते. अबोल माणूस, पण दगडाचा विषय निघाला की थांबत नसत. एका रविवारी मी त्यांना वाडीवर नेलं. त्यांनी ओली माती बोटांनी चुरली, हातोडीने खडक ठोकला, बराच वेळ उताराकडे पाहिलं. मग वडिलांना समजावलं. खाली काळा पाषाण आहे, त्यावर माती आणि मुरूम नुसते टेकलेले आहेत. पावसाचं पाणी भेगेतून आत जातं, पाषाणावर अडतं आणि वरचा थर सुटतो.

"घरामागच्या झऱ्याला तांबडं पाणी आलं की इथे कोणी थांबू नका," ते म्हणाले. "आणि तुमचं घर सगळ्यात वाईट जागी आहे."

"स्लॅब हाय साहेब."

"स्लॅबचा इथे काही उपयोग नाही."

वडिलांचा चेहरा उतरला. दुसरा चहा त्यांनी विचारला नाही. साहेबांनी विचारलं, अशा उताराखाली वाडी वसवलीत कशाला? तेव्हा मात्र वडील हसले. "आमाला इचारून दिली काय जागा? सपाट होती ती गावाची, उरली ती आमची."

ओढ्यापलीकडे गावालगत माळ होता. सुरक्षित जागा तीच, असं साहेब सांगून गेले. वडिलांचा स्लॅबवरचा विश्वास उडाला नव्हता, पण वाडीसाठी ते गावात गेले. पावसाळ्यापुरत्या झोपड्या घालू द्या म्हणाले. गाव म्हणालं, बघू. त्या 'बघू'चा अर्थ आम्हाला कोणी शिकवावा लागत नाही. त्याचा राग मला तेव्हा आला आणि अजून गेलेला नाही.

पुढच्या पावसात सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पोलादपूरचा रस्ता बंद झाला. मी खोलीत अडकून पडले आणि सारखी त्या झऱ्याचा विचार करत होते. वाट मोकळी झाल्यावर मिळेल त्या ट्रकने गेले, पुढे चिखलातून चालत. वाडीच्या वळणावर आले आणि आमचं घर दिसेना. तिथे नुसता तांबडा चिखल होता आणि त्यात मोठाले धोंडे. अगदी कडेची मातीची दोन घरं तेवढी जशीच्या तशी उभी होती.

त्यातल्या एका घराच्या ओटीवर शेजारची काकी बसली होती. तिने सांगितलं ते असं. तांबडं पाणी पहिल्यांदा वडिलांनीच पाहिलं. साहेबांचं बोलणं त्यांना आठवलं. पण वाडी सोडायची तर ओढा ओलांडायला हवा, आणि साकव पाण्याखाली गेला होता. मग वाडीत मजबूत असं एकच घर. त्यांनी दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना आधार दिला, पोरं कडेवर घेतली आणि सगळ्यांना आमच्या घरात आणलं. आईने मोठं पातेलं भरून चहा टाकला होता. तो उकळलाही नसेल, इतक्यात डोंगर खाली आला.

नंतर महाडात कोणीतरी म्हणालं, अडाणी लोक, सांगून कळत नाही. मी त्याला भर रस्त्यात सुनावलं. वडिलांना सगळं कळलं होतं. जायला जागा नव्हती.

"माजी सून बाळंतीण," त्या दिवशी ओटीवर काकी सांगत होती. "तिला पावसात कुठं काढू? मी बोलले, आमी नाय येत. तुजा बापूस दोनदा आला गो. दुसऱ्या टायमाला लय चिडला. बोलला, मातीची भिंत हाय, मराल सगळी. मी दार लावून घेतलं." आत मूल रडायला लागलं. काकी उठली नाही. "माज्यावर रागावूनच गेला तो. आता कोणाची समजूत काढू?"

"ते आता रागावलेले नाहीत काकी," मी म्हणाले आणि रडणाऱ्या मुलाला घ्यायला आत गेले.