उजवी रिकीब

ज्या माणसामुळे माझा डावा गुडघा अजून पुरता वाकत नाही, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. आदर म्हणून नव्हे. ते तुमच्या तोंडी बसू नये म्हणून. तुमच्या आईला ते ठाऊक आहे. तीही सांगणार नाही, कारण मी हे प्रकरण केव्हाच सोडून द्यायला हवं होतं असं तिचं मत आहे. पण तुमची ही आजी घोड्यावर उजवीकडून का चढायची हे तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा क्रमाने लिहिते.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत एडिसनला टाउनहाउसमध्ये राहत होतो. तुमच्या आईला, म्हणजे तेव्हाच्या एका हट्टी सातवीतल्या मुलीला, घोड्यावर बसायचं होतं. गावाबाहेर अर्ध्या-पाऊण तासावर एक रायडिंग स्कूल होतं. तिला शनिवारी तिथे सोडायचं आणि कुंपणाला टेकून बघत राहायचं, असं काही आठवडे चाललं. मग मीही नाव घातलं. माझे वडील एका लहानशा संस्थानात जनावरांचे डॉक्टर होते. माझं सुरुवातीचं लहानपण पागेतच गेलं. घोड्याच्या पायावरून हाताची मागची बाजू फिरवायची आणि कुठे गरम लागतंय ते बघायचं, हे मला अक्षरओळखीच्या आधी येत होतं.

म्हणून एका शनिवारी मला जो तपकिरी घोडा दिला, त्याचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली गरम लागला तेव्हा मी स्कूलच्या मालकाला जाऊन सांगितलं. म्हटलं, याची शीर दुखावली आहे, याला आज काढू नका. तो शिकणाऱ्या सगळ्या बायकामुलांसमोर हसला.

"मॅडम, तुमच्याकडे हत्तीवर बसतात ना? घोड्यांचं आमच्यावर सोडा."

सगळे हसले. तुमची आई हसली नाही, ती खाली बघत राहिली. तिला माझी लाज वाटत होती की त्याची, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी घोड्यावर बसले. तेव्हाच घरी निघून जायला हवं होतं असं तुमचे आजोबा पुढे पुष्कळदा म्हणाले. पण हसणाऱ्या माणसांना पाठ दाखवणं मला जमत नाही, अजूनही जमत नाही.

दुडकी चाल सुरू होताच त्याचा तो पाय दुमडला. घोडा तोंडावर पडला आणि माझा गुडघा त्याच्याखाली आला. मी प्लास्टरमध्ये होते तेव्हा मालकाने सगळ्यांना सांगितलं की या बाईला लगाम धरता येत नाही, हिने माझा चांगला घोडा निकामी केला. आमच्या ओळखीची एक मराठी मुलगी तिथे शिकायला जायची. तिच्या कानावरही हे घालण्यात आलं. "काकू, तुम्ही खरंच लगाम ओढलात का?" असं तिने मला माझ्याच स्वयंपाकघरात विचारलं. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

घोडा त्याने एका दलालाला विकला. तिथून तो लिलावात गेला. तिथे असली जनावरं मांसासाठी उचलतात. पण एका बाईंनी त्याला सोडवून आणलं. त्या टाकून दिलेले घोडे आपल्या फार्मवर बरे करायच्या आणि चांगलं घर बघून द्यायच्या. हे कळल्यावर मी कुबडी घेऊन तिथे गेले. तुम्हाला वाटेल दया आली म्हणून गेले. दया नंतर आली. तेव्हा मला एवढंच हवं होतं, की तो घोडा माझ्या हाताखाली नीट चालावा आणि ते त्या माणसाने पाहावं.

पाय बरा होईपर्यंत स्वारी बंद होती, त्याचीही आणि माझीही. मी त्याच्या पायावर गार पाण्याची नळी धरायची, पट्टी बांधायची, खरारा करायची. पुढे त्याला दोरीला धरून चालवायला लागले. दोघंही लंगडत. बाईंना ते बघून हसू यायचं, पण ते हसणं वेगळं होतं.

एक गोष्ट लवकर ध्यानात आली. डाव्या खांद्याशी कोणी उभं राहिलं की तो कान पाडायचा. खोगीर घालून डाव्या रिकिबीला नुसता हात लावला तरी मागे मागे जायचा. घोड्यावर चढतात ते डावीकडून. दुखऱ्या पायावर, त्याच बाजूने, आठवडेच्या आठवडे जड माणसं लटकली होती, ते तो विसरला नव्हता. उजव्या बाजूने मात्र त्याच्याशी कोणी वाईट वागलंच नव्हतं, कारण त्या बाजूने कोणी कधी आलंच नव्हतं.

माझा डावा गुडघा वाकत नसल्याने डाव्या रिकिबीत पाय घालणं मलाही शक्य नव्हतं. म्हणून सगळं उजवीकडून सुरू केलं. दोरी धरायची ती उजवीकडून, खोगीर घालायचं ते उजवीकडून. मग चढायचा लाकडी ठोकळा उजवीकडे ठेवून मी उजवा पाय रिकिबीत घातला आणि ताठ डावा पाय पलीकडे टाकला. तो कान हलवून उभा राहिला. वसंतात तो माझ्या हाताखाली दुडकी चालायला लागला.

बाईंना वाटायचं हे सगळं माझ्या गुडघ्यापायी. जमलं तर डावीकडूनही शिकव, असं त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या आठवड्यापासून तुमच्या आईला घेऊन ते सुरू करायचं माझ्या मनात होतं.

त्याच आठवड्यात तो मालक आला. शांत आणि देखणा घोडा मिळणार आहे असं त्याने ऐकलं होतं. आपलाच घोडा ओळखल्यावर तर तो आणखीच मोकळा झाला. मी बाईंना सगळं सांगितलं, त्यानेही त्याचं सांगितलं. त्याच्याकडे जमीन होती, तबेला होता, नोकर होते. माझ्याकडे टाउनहाउस आणि कुबडी. बाई न्यायाने वागणाऱ्या होत्या, हीच अडचण होती. त्या म्हणाल्या, शनिवारी दोघंही बसून दाखवा, घोडा बघून मी ठरवीन. घोडा त्याला मिळाला असता तर महिन्याभरात पुन्हा लंगडला असता आणि पुन्हा लिलावात उभा राहिला असता. हे मला स्पष्ट दिसत होतं.

तो आठवडा मी डावी बाजू शिकवली नाही. "आई, तो माणूस पडेल, ही विल गेट हर्ट," तुमची आई गाडीत म्हणाली. मी म्हटलं, रिंगणात वाळू आहे.

शनिवारी मी आधी बसून दाखवलं आणि उतरले. मालकाने ठोकळ्याकडे पाहिलं.

"हा चुकीच्या बाजूला का?"

"माझा गुडघा," मी म्हणाले. हे खरंच होतं.

"बघा, कसं चढतात ते," असं म्हणत त्याने पायाने ठोकळा डावीकडे सरकवला. बाई कुंपणाशी होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हात बांधले.

त्याचा पाय रिकिबीत गेला आणि घोडा मागे निघाला. मालक एका पायावर उड्या मारत बराच लांब गेला आणि मग ओल्या वाळूत पाठीवर पडला. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी लिहितानाही वाटतं आहे. तो उठला, लगाम आवळून पुन्हा चढू लागला, पुन्हा पडला. आणि मग, ज्यावर मी मनातून सगळा भरवसा ठेवला होता, ते त्याने केलं. लगामाचं टोक घोड्याच्या तोंडावर मारलं, दोनदा.

बाईंनी जाऊन त्याच्या हातातून लगाम घेतला. हिने घोडा बिघडवला, असं तो सांगत होता. त्यांनी त्याला फाटक दाखवलं. तो गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"डावीकडून चालत नाही हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"एकदा सांगितलं होतं," मी म्हणाले. "पाय गरम आहे म्हणून. तेव्हा त्याने ऐकलं नाही."

असं पुन्हा माझ्या फार्मवर करायचं नाही, असं त्या म्हणाल्या. मग घोडा मला दिला, पण डावी बाजू शिकवूनच न्यायचा या अटीवर. ती अट मी पाळली. उन्हाळा संपेपर्यंत तुमची आई डावीकडून अलगद चढू लागली.

घोडा ठेवायला जागा शोधायची होती. घराजवळ एक होती, छान होती. मी ती घेतली नाही. त्या रायडिंग स्कूलच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, एका म्हाताऱ्या जोडप्याचं कुरण होतं, ते घेतलं. दर शनिवारी, त्याचा वर्ग भरायच्या वेळी, मी रस्त्याकडच्या कुंपणापाशी ठोकळा ठेवायची आणि उजवीकडून चढायची. त्याच्याकडे शिकणारी मुलं कुंपणाशी येऊन विचारायची, तुम्ही उलट्या बाजूने का बसता? तो पलीकडून त्यांना हाका मारत असायचा.

मी घाई करत नसे. लगाम खाली सोडायची आणि प्रत्येकाला सगळं सांगायची, गरम पायापासून.