फोनमधून न आलेला सूर

“खालचा सूर कुठं गेला?” लिंडाने विचारलं.

जुलैची सकाळ, टेक्सासमधल्या एका शाळेचं फुटबॉलचं मैदान. लिंडा आमच्या ब्रासची, पितळी वाद्यांची प्रमुख आणि माझी बॉस. स्टँडच्या वरच्या बॉक्समध्ये बसून प्रॅक्टिस ऐकत होती, ती तरातरा खाली आली. ट्रम्पेट चढतायत, मधले सूर लटकतायत, असं तिचं म्हणणं. लो ब्रास माझ्याकडे होता आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यातली एक मुलगी मीच कमी केली होती.

आधी आमचा उद्योग सांगतो. एरवी मी टेक्सासमध्येच, प्लेनोत शाळेचा बँड शिकवतो, उन्हाळ्यात ड्रम कोअरमध्ये असतो. ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे घेऊन मैदानभर पळत शो करणारी पोरं. दोन-अडीच महिने बसने गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, शेवटी फायनल्स. एकवीस वर्षांचे झालात की तो तुमचा शेवटचा उन्हाळा. पुढे कितीही चांगलं वाजवा, घेत नाहीत.

त्यातला लो ब्रास म्हणजे जाड आवाजाची मंडळी: बॅरिटोन, युफोनियम आणि खांद्यावर घ्यायचा टुबा, ज्याला आम्ही कॉन्ट्रा म्हणतो. लोकांना वाटतं, चांगला लो ब्रास म्हणजे दणदणाट. खरं तर तो सलग असावा लागतो. प्रत्येकाने श्वास वेगळ्या जागी घ्यायचा, शेजारचा घेत असेल तेव्हा आपण सोडायचं नाही, आणि श्वास घेऊन परत येताना कुणाला कळू द्यायचं नाही. बाकी सगळे त्या आवाजावर आपला सूर लावतात. आईला समजावताना मी म्हणालो होतो, तंबोरा समज, फक्त पळणारा.

आमच्या आठ कॉन्ट्रांपैकी अगदी तळाचा सूर दोघांकडे होता. एक मुलगा आणि रेवती. रेवती मिशिगनमधल्या नोव्हायची, वडील गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. एकवीस वर्षांची. कॅम्पला सोडायला आले तेव्हा वडिलांनी माझ्यासाठी चकल्यांचा डबा आणला. तेव्हापासून ती माझी भाची म्हणून स्टाफमध्ये माझी चेष्टा चालायची.

जूनच्या शेवटी शोचा शेवट बदलला आणि एक कॉन्ट्रा कमी करायचं ठरलं. बसच्या धावपळीत वेळ नव्हता. मी सगळ्यांना फोनवर एकेक मिनिट रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं आणि बसमध्येच माझ्या फोनवर ऐकलं. रेवतीचा आवाज पातळ. तळाचा दुसरा मुलगा जोरात, खरखरीत वाजवायचा, तो चांगला ऐकू आला.

शंका आली होती, खोटं कशाला बोलू? रांगेत ती अशी वाजत नव्हती. पण लिंडाने हसत विचारलं, “ती तुझी भाची ना?” ते मला लागलं. आपलं माणूस म्हणून सांभाळलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी परत ऐकायलाही गेलो नाही. रेवतीला सांगितलं, तू आता राखीव. “ओके, मिस्टर डी,” एवढंच म्हणाली. चार दिवसांनी तिने घराजवळ इंटर्नशिप घेतली आणि निघून गेली. मी अडवलं नाही.

आता लिंडा समोर उभी होती. मी एक कॉन्ट्रा उचलला, तळाचा सूर स्वतः वाजवून फोनवर रेकॉर्ड केला आणि लावला. डास गुणगुणावा तसा आवाज आला. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो सूर बाहेरच पडत नाही, वरची खरखर तेवढी ऐकू येते. एवढी वर्षं शिकवतोय, हे मला माहीत असायला हवं होतं.

मग रेवतीने पाठवलेलं रेकॉर्डिंग मैदानावरच्या मोठ्या स्पीकरवर लावलं. भरलेला, सलग, कुठेही न तुटणारा आवाज. पोरं वळून बघायला लागली.

“परत बोलाव,” लिंडा म्हणाली.

मी फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. इंटर्नशिप सुरू झालीय, आता सोडता येणार नाही, ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, “बाबांना मी सांगितलं की मी चांगली नव्हते. मला वाटलं, ते ट्रू आहे.”

मी तिच्या वडिलांनाही फोन केला. म्हणालो, चूक तिची नव्हती, माझी होती.

“हे तिला सांगितलंत?”

“आधी तिलाच सांगितलं.”

“आम्ही फायनल्सला येणार होतो, सर,” ते म्हणाले. “तिनेच तिकिटं कॅन्सल करायला लावली.”

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

फायनल्सला आम्ही तळाचा सूर कीबोर्डवरून भरून काढला. हल्ली चालतं तसं. जजेसनी त्याबद्दल काही म्हटलं नाही. तळाच्या त्या दुसऱ्या मुलाने मात्र श्वास घेतला की मला ती जागा रिकामी ऐकू यायची.

आता टेस्ट घेताना फोन खिशात ठेवतो आणि प्रत्येकाच्या शेजारी जाऊन उभा राहतो. आडनाव मराठी असेल तर तिथेही तेवढाच वेळ. माणशी दोन मिनिटं लागतात, आठ जणांना सोळा. फोनवर रेकॉर्डिंग मागवली त्या दिवशी बस निघायला अर्धा तास होता.