आधी डंप

नाना आधी हातावर फटका मारायचे आणि मग बोलायचे. "हात मागं! आधी डंप."

नाशिकच्या एका बँकेत मेनफ्रेमवर, म्हणजे सगळ्या शाखांचा हिशेब सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकावर, ते ऑपरेटर आणि मी प्रोग्रामर. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, प्रेमानं पाठीवर थाप मारली तरी समोरच्याला ठसका लागतो.

मशीन अडकलं की त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे असेल ते जसंच्या तसं डिस्कवर उतरवायचं, हा डंप. त्यावरून दोष सापडतो. आधीच रीस्टार्ट केलं तर सगळं पुसलं जातं आणि खापर ऑपरेटरवर फुटतं. त्या महिन्यात वरून घाई झाल्यानं दोनदा तसंच झालं होतं. "आता पुन्हा झालं तर घरी बसा," साहेबांनी नानांना बजावलं होतं.

पुन्हा झालं ते भर दुपारी. शाखांचे फोन खणखणत होते. साहेब ओरडतच आत आले, "रीस्टार्ट करा!" मी पडलो आज्ञाधारक. हात पुढे केला. नानांनी मनगट असं पिरगाळलं की मी थेट गुडघ्यांवर.

"नाना, मोडेल!"

"मोडू दे. दुसरा हाय ना तुला."

साहेबांनी नानांची कॉलर धरून थोबाडीत दिली. चष्मा उडाला. डंप अजून उतरत होता आणि नाना कन्सोलच्या कळफलकाला पाठ लावून उभेच. पुढचा ठोसा ओठावर बसला, रक्त शर्टावर उतरलं. मी मध्ये पडलो, तर साहेबांचं कोपर माझ्याच नाकावर. तेवढ्यात डंप पूर्ण झाल्याचा संदेश आला.

"झालं. आता माझी पाळी," नाना म्हणाले आणि एकच लगावली. साहेब प्रिंटरवर.

डंप उघडला. दोष निघाला माझ्या प्रोग्राममध्ये. आधी दोन्ही वेळा तोच चालू होता, हेही नोंदवहीवरून उघड झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाकाला रुमाल लावून जमेल तितका जखमी दिसायचा प्रयत्न केला.

मशीनचा ठपका पुसला गेला, पण साहेबांना मारल्याचा राहिला. नानांना संध्याकाळीच काढलं. पहिला हात साहेबांनी उचलला, हे मी ओरडून सांगितलं. पण त्या दिवशी माझ्या सांगण्याला कोण विचारतो!

गेटवर मी माफीचे शब्द जुळवत होतो. नानांनी मोटरसायकलला किक मारली. ओठ टम्म सुजलेला.

"बस मागं. चालत गेला तर आपली ऑपरेटर पोरं बडवतील तुला."

"तुम्ही नाही बडवणार?"

"गाडी चालवतोय ना!"

द्वारका चौकात त्यांनी मला उतरवलं. एका ट्रकनं कट मारला, तशी त्याला सणसणीत लाथ घालून ते चांदवडच्या दिशेनं निघून गेले. पुन्हा भेटले नाहीत. ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून शिव्या देत राहिला. नाना तर केव्हाच गर्दीत दिसेनासे झाले होते. मग त्यांच्या वाट्याच्या सगळ्या शिव्या मीच तिथं उभा राहून ऐकून घेतल्या.