आईच्या कानातलं

शहाद्याच्या एका शाळेत संगणक शिकवायची नोकरी लागली आणि मी सगळ्यात आधी लोणखेड्याच्या आमच्या घराची पुढची खोली हातात घेतली. कित्येक महिने मी मोबाइलवर घर सजवणाऱ्या मुलींचे व्हिडिओ बघत होते. त्यांच्या खोल्यांत पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात एखादं हिरवं झाड आणि बाकी सगळी मोकळी जागा. आमच्याकडे मात्र जाड मरून पडदे, जमिनीवर गालिचा, सोफ्यावर क्रोशाची आवरणं आणि शोकेसमध्ये प्लॅस्टिकची फुलं. सुट्टी बघून मी पडदे उतरवले, गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला, भिंती पांढऱ्या करून घेतल्या. बाबा पपईच्या शेतातून आले, "बरं दिसस," एवढंच म्हणाले. आई दारात येऊन उभी राहिली.

"हाई घर शे का दवाखाना?" ती म्हणाली.

मी हसले. फोटो टाकला, मैत्रिणींनी लाल बदाम पाठवले. मी खूश होते.

त्यानंतर बोलणारा स्पीकर आणला. गाणं लाव म्हटलं की लावतो, पाऊस येणार का विचारलं की सांगतो. त्याला हाक कशी मारायची तेवढं मी आईला शिकवलं. त्याला हिंदी कळायचं, आमची अहिराणी कुठून कळणार? एका दुपारी मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते आणि आई पुढच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत त्याच्याशी बोलत होती. "आज नळले पानी येई का रे भो?" स्पीकरने माफी मागितली, समजलं नाही म्हणाला. तो बोलतोय तोवरच आईचा पुढचा प्रश्न. त्याने पुन्हा माफी मागितली. मला मजा वाटत होती. मग आई उठून माझ्याकडे आली.

"तुन्हा हाऊ डबा मुका शे," ती म्हणाली. "एक शब्द बोलत नही."

आणि तो तर आतल्या खोलीपर्यंत खणखणीत ऐकू येत होता.

मी हातातला पेन खाली ठेवला. टीव्हीचा आवाज गल्लीपर्यंत का जातो, मावशीचा फोन आला की आई "तूच बोल, मी भाकरी टाकी ऱ्हायनू" म्हणून आत का जाते, शेजारची काकू तिला गर्विष्ठ का म्हणते, सगळं एकदम समोर आलं.

"आई, तुले कमी ऐकू येस का?" मी मोठ्याने विचारलं.

"मी बहिरी थोडी शे!" ती चिडून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती आपणहून बोलली. माझ्याकडे न बघता, चादर झटकत. "हळदी-कुंकूले बाया हसतीस तं मी बी हसस. काय बोलतीस, माले काय माहीत." मी म्हटलं, नंदुरबारला कान तपासून मशीन मिळतं, छोटंसं असतं. ती मान हलवत राहिली. "मशीन लावसू तं लोके म्हनतीन, म्हातारी हुई गई."

मी विषय सोडला. आमच्या दोघींचा एक नेम होता, टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा एकत्र बघायची. तिला गाण्यांपेक्षा साड्यांत रस, असं मला वाटायचं. त्या आठवड्यात एक मुलगी गायला उभी राहिली. माझ्याच वयाची, चमचमता घागरा, आणि कानात काहीतरी बसवलेलं.

"ते काय शे तिन्हा कानमा?"

"तिले तिन्हाच आवाज ऐकू येवाकरता."

"येवढी पोर नी तिले बी ऐकू येत नही?"

खरं म्हणजे ते वेगळं यंत्र. पण गाणाऱ्या सगळ्यांच्या कानात ते होतं, वाजवणाऱ्यांच्या कानात होतं आणि माझ्याही कानात बिनतारी हेडफोन अडकलेले असतात. आई शेवटपर्यंत गाणाऱ्यांचे कानच बघत बसली. जाहिरात लागली तेव्हा म्हणाली, "नंदुरबारले कव्हय जानं शे?"

नंदुरबारला कान तपासणाऱ्या ताईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. आई परीक्षेला बसल्यासारखी ताठ. मी काचेबाहेरून बघत होते. ताई आवाज वाढवत गेल्या, वाढवत गेल्या, आईचं बोट हलेना. आपल्याला काहीच येत नाही अशा भीतीने तिने माझ्याकडे पाहिलं. मला रडू आलं, पण मी हसून अंगठा दाखवला.

मशीनचा रंग निवडायची वेळ आली तेव्हा ताईंनी कातडीच्या रंगाचं पुढे केलं, कोणाला दिसणार नाही म्हणून. आईने डाळिंबी उचललं. "दिसू दे. साडीवर शोभी."

घरी आल्यावर मात्र कहर झाला. ताट ठेवलं की दचकायची, बाबा शिंकले की छातीवर हात. पुढच्या खोलीत तर तिला बसवेचना. तिथे चौघं बोलायला लागली की शब्द एकमेकांत मिसळून नुसता गलका व्हायचा. तिने मशीन काढून डबीत ठेवलं. "तुन्हा दवाखानामा मन्हं डोकं दुखस."

मी ताईंना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत पडदे आहेत का?" उघड्या भिंती आणि फरशी असली की आवाज आपटून परत येतो, मशीनवाल्याला फार त्रास होतो, असं त्यांनी समजावलं.

मी माळ्यावर चढले. मरून पडदे परत लागले, गालिचा अंथरला आणि एका पांढऱ्या भिंतीवर आईने स्वतः शिवलेली जुन्या साड्यांची गोधडी टांगली. व्हिडिओतल्या मुलींना काय वाटायचं ते वाटो. आईने मशीन घातलं, सोफ्यावर बसली, म्हणाली, "बोल काहीतरी." मला काही सुचेना, म्हणून मी शाळेतल्या गमती सांगत बसले. ती माझ्या ओठांकडे न बघता शेंगा सोलत ऐकत होती, आणि मधेच, बरोबर जागेवर, हसली.

मागच्या महिन्यात अक्कलकुव्याला नात्यात लग्न होतं. मांडवाला लागूनच डीजे लावलेला, खुर्च्या थरथरत होत्या. बायकांनी कानांवर पदर धरले होते. आईने शांतपणे मशीन काढलं, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं आणि जिलेबीचा तुकडा तोडला.

"आते तू ऐकत बठ," ती मला म्हणाली, आणि नाचणाऱ्या पोरींच्या साड्या बघायला लागली.