पाटावरच्या सायकली

बसण्याआधी खुर्ची हलवून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू सगळंच हलवून बघत. जिन्याचा कठडा, गॅसची नळी, आणि कुणी आश्वासन दिलं तर ते देणारा माणूससुद्धा. "हलतं का बघू आधी," हे त्यांचं पालुपद.

दिलसुखनगरच्या आमच्या सोसायटीत एकदा गणपतीला प्रमुख पाहुण्यांसाठी भाड्याचं सिंहासन आणलं होतं. पाहुणे टेकणार तेवढ्यात काकू स्टेजवर चढल्या आणि त्यांनी ते हलवलं. उजवा हात, म्हणजे सिंहासनाचा, त्यांच्या हातात आला. पाहुण्यांना उभ्यानेच बोलावं लागलं, त्यामुळे भाषण लवकर संपलं. तेव्हापासून मी काकूंचा चाहता.

काकू मूळच्या नांदेडच्या, सिकंदराबादेत रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. बोलण्यात तिकडचे दखनी 'हौ' आणि 'नक्को' पुरते मुरलेले. काकांना कंपवात होता. हात थरथरत, पण खरा दगा पायांनी दिला होता. उंबरा आला की पाय फरशीला चिकटत. एकदा मी त्यांना लिफ्टच्या दारात तसं अडकलेलं पाहिलं. दार खांद्यावर आपटून मागे जात होतं, पुन्हा येत होतं, आणि काका माझ्याकडे चोरी सापडल्यासारखे बघत होते.

अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवून बघा. काहींना चालता येत नाही, पण सायकल येते. हे ऐकून मला डॉक्टर बदलावा असं वाटलं. काकूंनी मात्र जुनी सायकल पार्किंगमध्ये काढली, काकांना वर बसवलं, मागून धरून धावल्या आणि हात सोडला. काका खांबांना वळसे घालत फिरू लागले. दारात न सुटणारे पाय पेडलवर गरगरत होते. फक्त उतरणं जमत नव्हतं. सायकल थांबली की पाय पुन्हा चिकटत आणि काका सायकलसकट आडवे होत. म्हणून थांबायच्या वेळी काकू शेजारी हव्यात, असा नियम झाला.

आठवड्याभरात पार्किंगमध्ये पाटी लागली, 'येथे सायकल चालवू नये'. पाटी लावणारे गृहस्थ आमच्या सोसायटीच्या सायकल क्लबचे अध्यक्ष. हा क्लब दर रविवारी बॅनर धरून, फोटो काढून, इडली खायला जातो.

बाहेरच्या रस्त्यावर काकांना सोडणं म्हणजे बसच्या तोंडी देणं. शहराबाहेर एका प्लॉटिंगमध्ये गुळगुळीत, रिकामा, गोल रस्ता होता. पण तिथवर दोन सायकली, काकांची आणि सोबतीला काकूंची, न्यायच्या कशा? गाडीच्या टपावर चढवायचं बळ काकूंच्या हातात नव्हतं. अध्यक्षांनी गाडीच्या मागे टांगायचा आपला परदेशी स्टँड दाखवला. काकूंनी तो हलवला. "हे तर डुलतंय," म्हणाल्या आणि परत दिला.

मग एका सकाळी पार्किंगमध्ये पाहतो तर त्यांच्या छोट्या गाडीची मागची सीट बाहेर काढलेली, आणि काकू दोन सागवानी पाटांना भोकं पाडत बसलेल्या. पितळी फुलं ठोकलेले पाट, त्यांच्या लग्नातले. युक्ती अशी होती. सायकलचं पुढचं चाक काढायचं. भंगारातल्या चाकाचा मधला दांडा नळाच्या क्लॅम्पने पाटावर आवळायचा, आणि सायकलचा मोकळा झालेला चिमटा त्या दांड्यावर बसवायचा. सायकल उभीच्या उभी गाडीत मावते.

वॉचमन बघून म्हणाला, "क्या अम्मा, सैकलां की शादी है क्या?"

"हौ. तू आंतरपाट धर."

मला राहवलं नाही. "काकू, लग्नाचे पाट हो!"

"ह्यांना आता खाली बसता येत नाही," काकू म्हणाल्या. "मी एकटीच पाटावर बसून काय करू?" आणि स्क्रू आणखी आवळला.

त्यांच्या पुण्यातल्या मुलाला हे कळलं तेव्हा फोनवर भडका उडाला. "आई, जोरात ब्रेक लागला तर हँडल बाबांच्या मानेत घुसेल! मी येतो आणि गाडी विकून टाकतो."

"ये. पण आधी हलतं का बघू दे."

पहिली चाचणी मलकपेठला, रेसकोर्सच्या मागच्या शांत रस्त्यावर. काकूंनी पुढच्या सीटवर, काकांचं डोकं येतं त्या उंचीला, एक भोपळा बांधला. मी कडेला उभा राहिलो. गाडी वेगात आली, ब्रेक लागला, आणि आतून ओल्या आवाजात काहीतरी फुटलं. पाट सरकला होता. हँडल भोपळ्यात होतं.

काकू उतरल्या, भोपळ्याकडे पाहिलं, आणि फुटपाथच्या सुट्या दगडावर तशाच, न हलवता बसल्या. आम्हा दोघांनाही बहुधा काकांना अडवणारं लिफ्टचं ते दार दिसत होतं.

त्यानंतर त्यांनी मागच्या सीटचे मूळ बोल्ट जिथे होते तिथेच पाट पक्के केले आणि सायकलींना आडवे पट्टे घातले. पुढच्या रविवारी पुन्हा तोच रस्ता.

"आता भोपळा नक्को," काकू म्हणाल्या. "मी बसते. तुम्ही चालवा."

"काकू, मी दुसरा भोपळा आणतो ना. मोठा आणतो!"

"भोपळ्याला भीती वाटत नाही. ह्यांना तिथे बसून कसं वाटेल ते मला कळायला पाहिजे."

मी वेग घेतला. आरशात हँडलची चकचकीत मूठ दिसत होती, त्यांच्या अंबाड्यापासून वीतभर. मी ब्रेक दाबला. गाडी अदबीने थांबली.

"हा ब्रेक नाही झाला, ही विनंती झाली. पुन्हा."

पुन्हा वेग घेतला. मुलाचं वाक्य कानात वाजत होतं. मी सगळं अंग पायात आणून ब्रेक हाणला. टायर किंचाळले, मागे लाकूड कण्हलं, आणि मग काहीच नाही. डावीकडे बघायची माझी छाती होईना.

"हलला नाही," शेजारून आवाज आला. "डोळे उघडा आता."

त्यानंतरच्या रविवारी काका-काकू गाडीतून आणि मागून मी स्कूटरवर, असे आम्ही निघालो. प्लॉटिंगच्या कमानीवर प्लास्टरचे दोन सिंह, आत कारंजं, आणि घर एकही नाही. गाडीपासून सायकलपर्यंतची चार पावलं काकांनी कशी टाकली ते सांगवत नाही. मी त्यांच्या सायकलला चाक बसवून दिलं, त्यांना वर चढवलं आणि सीट धरून ठेवली. काकू वाकून स्वतःचं चाक बसवत होत्या. तेवढ्यात माझ्या हातातून सीट निसटली. काकांनी पेडल मारलं होतं.

काकूंचं चाक अजून हातातच.

"अहो!" त्या ओरडल्या. "थांबू नका! काहीही झालं तरी थांबू नका!"

इतके दिवस ब्रेक दाबायला लावणारी बाई हे ओरडत होती. काका खडीच्या ढिगाऱ्याआड गेले. मी धावलो आणि जरा अंतरावरच माझा दम संपला. मागे काकूंच्या हातून नट गवतात पडला. त्या गुडघ्यांवर बसून चाचपडू लागल्या, डोळे मात्र ढिगाऱ्यावर. धडपडल्याचा आवाज येतो का, ते आम्ही दोघंही कान टवकारून ऐकत होतो.

आली ती घंटी. रस्ता गोल होता. काका दुसऱ्या बाजूने आले. त्या आजारात चेहऱ्यावर आनंद उमटेनासा होतो, तसा तो कोराच होता. पण अंगठा घंटीवरून हलत नव्हता. आमच्या समोरून ते घंटी वाजवत गेले. पुढच्या फेरीला काकू शेजारी होत्या.

वर्षभर रविवार तसे गेले. मग मुलगा आईवडिलांना पुण्याला न्यायला विमानाने आला. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. "गाडी मीच चालवत नेतो," त्याने जाहीर केलं, दार उघडलं आणि मागे पाट, पाटांवर सायकली. "आई, हे सुतारकाम काढ. मी... म्हणजे तू बसणार कुठे?"

"मी चालवणार. सोलापूरला मुक्काम. तू बसने ये."

गेटपाशी गाडी पोचली आणि काकूंनी कचकन ब्रेक मारला. वॉचमन दचकून उठला. काकूंनी वळून सायकलींकडे पाहिलं, मग काकांच्या मानेकडे. हात बाहेर काढून हलवला आणि गाडी वळली.

"काय झालं? काही आडवं आलं का?" बॅग सावरत मुलाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "चल, वर चहा घेऊ. तुझ्या बसला वेळ आहे."