सोबतीशिवायचे शब्द

नगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला बाई हव्या होत्या आणि ती जागा मला हवी होती. इतकी, की श्रीगोंद्याजवळच्या आमच्या मळ्यात भाकरी थापतानाही माझ्या डोक्यात नमुना पाठच चालू असायचा. पाठ मीच निवडला होता: जो इंग्रजी शब्द वस्तूचं नाव असतो, तोच काही न बदलता क्रियाही होतो. वॉटर म्हणजे पाणी आणि वॉटर म्हणजे पाणी घालणंही. हँड म्हणजे हात आणि हातात देणंही.

आपण मराठीत असा शब्द उचलतो आणि लगेच त्याला सोबत देतो. फोन करणे, ब्रेक मारणे, प्रेस करणे. एकट्याला उंबरा ओलांडू देत नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं, कारण लग्न झाल्यापासून मीही कधी एकटी नगरला गेले नव्हते.

सराव ऐकायला घरात एकच विद्यार्थी होते, माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, आणि नवरा साखर कारखान्यावर. हंगाम सुरू झाला की तो घरी नुसता झोपायला येतो. आबा ओट्यावर पाय सोडून बसायचे आणि मन लावून ऐकायचे.

"म्हंजी वस्तूबी त्योच शबुद आन् कामबी त्योच?"

"हो आबा, तसंच."

"लई सोयीची भाषा हाय की. आपल्यात उगं पसारा."

दुसऱ्या दिवशी बांधावरून त्यांनी शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, "ऊस वॉटर केला रं!" 'केला' काही त्यांच्याच्यानं सुटला नाही. मी चुलीपुढं बसून पोट धरून हसले. माणूस मोठा लाघवी, हे मी आजही नाकारत नाही.

पाठाच्या दिवशी तेच मला मोटारसायकलवरून घेऊन गेले. एसटी आमच्या फाट्यावर थांबते, पण "येकटी कशाला?" वर्गात शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले. पाठ रंगला. मी एका मुलीच्या हातात कुलूप दिलं, कपाट बंद करायला लावलं आणि अख्खा वर्ग एका सुरात "लॉक!" म्हणून ओरडला. तेवढा वेळ मी कुणाची सून नव्हते. मला फार मोकळं वाटलं होतं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान झालं. कधीपासून येऊ शकाल?" मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "घरी इचार करून सांगतो." फोन नंबरही आबांनीच दिला, स्वतःचा. आमच्याकडे बाईच्या कामाला घरच्या कर्त्याचाच नंबर देतात. गॅसला, बँकेला, दवाखान्यालाही. मला त्यात काही खटकलं नाही. खटकायची सवयच मोडली होती.

मग वाट पाहणं. आबांचा फोन वाजला की माझी भाकरी करपायची. सुनेनं सासऱ्यांना असलं काही थेट विचारायचं नाही, ही रीत. नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही विचारा ना." तो म्हणाला, "आला की सांगतील, घाई काय?" त्याच सुमारास गवंडी आला आणि ट्रॅक्टरच्या शेडला प्लास्टर होऊ लागलं. मला वाटलं, खतासाठी असेल.

एका सकाळी आबांनी मला शेडपाशी बोलावलं. वस्तीवरची बायकापोरं जमली होती. आत बाक, पंखा, पांढरा फळा. त्यांनी माझ्या हातात नारळ दिला.

"शाळेचा फोन आलता. घेतो म्हनत हुत्या. म्या म्हनलं, आमच्या सुनंनं रोज यष्टीत धक्के कशाला खायाचे? आमीच तिला शाळा काढून देतो." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. या पंख्याशी, या फळ्याशी काय भांडणार? तरीही सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आबा, फोन द्या. मला बोलायचंय." त्यांनी हसत नंबर लावून दिला.

मुख्याध्यापिका हळहळल्या. "अहो, तुम्ही येणार नाही असं कळलं. कालच दुसऱ्या बाई रुजू झाल्या."

"काय म्हनल्या?" आबांनी विचारलं.

"जागा भरली."

"बरं झालं. आता तुजं मन येका जागी ऱ्हाईल." त्यांच्या आवाजात काळजी होती, अगदी खरी.

बायका खोळंबल्या होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, पाया पड की त्यांच्या! येवडं कोन करतं सुनंसाठी?" मला ओरडावंसं वाटत होतं. मी नारळ खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि वाकून त्यांच्या पाया पडले.