वीज पडलेला मनोरा

पस्तीसेक वर्षांपूर्वीचा, दिवाळीआधीचा रविवार, भिवपुरीच्या क्वार्टरमधली बाहेरची खोली. हजर: बाबा, दादा आणि मी. आई आत चकल्या पाडत होती.

हे आठवलं, कारण आज भिसेगावच्या घरातलं कपाट आवरताना दादाची जुनी रॉक रेकॉर्ड सापडली. कव्हरवर टॅरोचं, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांतलं, एक पान छापलंय. उंच मनोऱ्यावर वीज पडलीय आणि दोन माणसं खाली कोसळतायत.

दादाला मोहोपाड्याच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून गिटार वाजवायची होती. राजीनामा लिहून त्याने खिशात ठेवलाय, हे फक्त मला माहीत होतं. सरळ सांगायचा धीर होईना, म्हणून त्याने ते कव्हर बाबांच्या हातात दिलं.

"बाबा, या पानाचा अर्थ असा, की चुकीचं बांधलेलं पडतं आणि आतली माणसं मोकळी होतात."

पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर असलेल्या बाबांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. "अर्थिंग केलेलं नाय रं यांनी. आणि मोकळी कसली? दोघंही डोक्यावर पडतायत!"

मी खो खो हसले. आतून आईही हसली. मग दादाही हसला आणि कव्हर घेऊन उठला.

तेव्हा वाटलं, बाबांना चित्र कळलंच नाही. आता वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं. आणि मी हसले नसते, तर दादा पुढचं वाक्य बोलला असता. पुढच्या वर्षी तो त्याच कारखान्यातून निवृत्त होईल.

कपाट झालं, रद्दी गेली, जळमटं काढली. दादाला फोन करून ते वाक्य विचारायचं राहिलंय.